इन्व्हर्टर प्रमाणित आहे, तरी भर दुपारी ग्रिडवरून का सुटतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. 5 किलोवॅटचा सिंगल फेज सोलर इन्व्हर्टर गच्चीवर आहे. तिथून खाली मीटरपर्यंत साधारण 40 मीटर केबल, तांब्याची, 4 चौरस मिलिमीटरची. ऊन चढलं की अकरा ते दोनच्या दरम्यान इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ दाखवून सुटतो, म्हणजे आपणहून ग्रिडपासून वेगळा होतो, पाच मिनिटांनी परत जोडला जातो, पुन्हा सुटतो. सुटण्याआधी त्याच्या स्क्रीनवर 255 व्होल्ट दिसतात, त्याच वेळी मीटरपाशी 246. इन्स्टॉलर म्हणतो, पासवर्ड टाकून वरची मर्यादा 253 वरून 265 करू, नाहीतर दुसऱ्या देशाचा कोड, म्हणजे तिथल्या नियमांचा तयार सेटिंग-संच, निवडू. वीज कंपनी म्हणते, सेटिंगला हात लावायचा नाही. आणि तुम्ही विचारता की इन्व्हर्टरला सगळी प्रमाणपत्रं असताना ही भानगड कशाला?

गेली वीसेक वर्षं मी अशाच जोडण्यांची तपासणी आणि चाचणी करतो आहे. पहिल्या दिवशी लोकांना मी एकच गोष्ट सांगतो: प्रमाणपत्र पेटीचं असतं, परवानगी जोडणीची असते. प्रयोगशाळेत त्या मॉडेलचा एक नमुना आदर्श पुरवठ्यावर तपासला जातो. तुमची 40 मीटर केबल, तुमच्या गल्लीतली लाइन, त्याच ट्रान्सफॉर्मरवरचे शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर यांतलं काहीच तिथे नसतं. अमेरिकेतलं आयईईई 1547 घ्या किंवा युरोपातलं ईएन 50549, ग्रिडला जोडणीची ही मानकं मुळात ‘जोडणीच्या बिंदूपाशी काय घडलं पाहिजे’ याबद्दल बोलतात. 1547 च्या 2018 च्या आवृत्तीत तर कोणत्या बिंदूपाशी अटी पाळल्या जातात हे आधी ठरवावं लागतं: इन्व्हर्टरच्या टोकापाशी, की जिथे तुमची हद्द संपून कंपनीची सुरू होते तिथे. तुमच्याकडे या दोन बिंदूंमध्ये 9 व्होल्टचं अंतर आहे. म्हणजे इन्व्हर्टर एक जग बघतोय आणि कंपनी दुसरं.

हे 9 व्होल्ट आले कुठून ते बघू, कारण तुमचं बहुतेक उत्तर त्यातच आहे. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला आपल्या टोकाचा व्होल्टेज ग्रिडपेक्षा थोडा वर न्यावाच लागतो. किती वर, ते वाटेतल्या रेझिस्टन्सवर अवलंबून. 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रेझिस्टन्स 20 अंश सेल्सिअसला किलोमीटरला साधारण 4.6 ओहम. तुमची केबल 40 मीटर, पण करंट फेजमधून जाऊन न्यूट्रलमधून परत येतो, म्हणून हिशोब 80 मीटरचा. झाले 0.37 ओहम. 5 किलोवॅटला 250 व्होल्टच्या आसपास 20 अँपिअर करंट. गुणाकार केला की 7.4 व्होल्ट. उन्हात आणि करंटमुळे केबल तापून तांबं 60 अंशांवर गेलं तर रेझिस्टन्स सोळा टक्क्यांनी वाढतो आणि आकडा साडेआठच्या वर जातो. तुम्ही 9 मोजलेत. दोन वेगळ्या मीटरांचा फरक धरला तर हिशोब जुळला म्हणायचा.

साडेआठ व्होल्ट म्हणजे 230 च्या पावणेचार टक्के. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या 4777 या मानकात पुरवठ्याच्या बिंदूपासून इन्व्हर्टरपर्यंत एकूण वाढ 2 टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे 4.6 व्होल्ट. तुमच्याकडे ते मानक लागू नसेल, पण डिझाइन करताना मी हाच आकडा समोर ठेवतो. तुमची केबल करंट वाहून नेण्याच्या दृष्टीने पुरेशी आहे, म्हणून इन्स्टॉलरला ती बरोबर वाटली. पंप किंवा गीझरसाठी केबल निवडताना व्होल्टेज किती पडेल हे आपण बघतो. सोलरमध्ये तोच हिशोब उलटा, व्होल्टेज किती चढेल असा करायचा असतो, आणि नेमका तोच राहून जातो.

10 चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर तापलेल्या अवस्थेत वाढ साडेतीन व्होल्टच्या आत येईल, 16 ची टाकली तर दोनच्या आसपास. मीटरपाशी 246 असताना इन्व्हर्टरला मग 248 ते 249.5 दिसतील. त्याच्या टर्मिनलमध्ये किती जाडीची तार मावते ते मात्र आधी बघा. इन्व्हर्टर मीटरजवळ आणून पॅनेलकडून येणारी डीसी केबल लांबवणं हाही चांगला पर्याय आहे, कारण डीसी बाजूला व्होल्टेज जास्त, करंट कमी, आणि तिथे घट झाली तरी ग्रिडच्या मर्यादेशी तिचा संबंध येत नाही. सावली, वारा आणि जागा बघून ठरवा.

केबलवर खर्च करण्याआधी जोड तपासून घ्या, हे कळकळीने सांगतो. काही वर्षांपूर्वी अगदी अशाच तक्रारीसाठी गेलो होतो. हिशोबाने 3 व्होल्ट यायला हवे होते, मोजले तर 5. दोन व्होल्टसाठी कोण एवढं डोकं खाजवतो, असं तिथल्या वायरमनला वाटलं. पण 20 अँपिअरला 2 व्होल्ट म्हणजे कुठेतरी 0.1 ओहम जास्तीचा, आणि तिथे 40 वॅट उष्णता. सोल्डरिंग आयर्न 40 वॅटचं असतं. पुरवठा बंद करून आयसोलेटरचं, म्हणजे पुरवठा तोडायच्या स्विचचं, झाकण काढलं, तर न्यूट्रलच्या स्क्रूभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालं होतं आणि तारेचं इन्सुलेशन बोटभर आक्रसलं होतं. स्क्रू पिळला तर अर्धा फेरा सहज फिरला. त्या घरातला इन्व्हर्टर आधीच्या भेटीत कुणीतरी 262 व्होल्टवर नेऊन ठेवला होता. म्हणजे ट्रिपिंग (सुटणं) थांबलं होतं आणि आयसोलेटर रोज दुपारी शिजत होता. तेव्हापासून ‘मर्यादा वाढवून द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी स्क्रू ड्रायव्हर घ्यायला सांगतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सोलर असलेल्या घरात पुरवठा दोन बाजूंनी येतो, त्यामुळे दोन्ही बाजू बंद करून, मोजून खात्री केल्याशिवाय आत हात जाता कामा नये. आणि मीटरचं सील तोडायचं नाही.

इथपर्यंतचं तुमच्या हातात होतं. आता मीटरच्या पलीकडचं, जिथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. 246 हा आकडा स्वतःच चढा आहे. 230 अधिक-उणे 10 टक्के धरले तर वरची हद्द 253, म्हणजे कंपनी मर्यादेत आहे, पण तुमच्यासाठी तिने फक्त 7 व्होल्ट शिल्लक ठेवलेत. हा चढ कुणामुळे, ते शोधायला सोपी चाचणी आहे. कडक उन्हात इन्व्हर्टर पूर्ण भरात असताना मीटरपाशी व्होल्टेज वाचा. मग इन्व्हर्टर बंद करा आणि मिनिटभरात पुन्हा वाचा. समजा 246 चे 242 झाले. म्हणजे 4 व्होल्ट तुमच्या 20 अँपिअरमुळे होते आणि कंपनीच्या बाजूचा रेझिस्टन्स साधारण 0.2 ओहम निघाला. उरलेला चढ शेजाऱ्यांच्या सोलरमुळे, दुपारी कमी असलेल्या लोडमुळे किंवा ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे त्याचा व्होल्टेज टप्प्याटप्प्याने ठरवायची सोय, वर ठेवल्यामुळे आहे. उलट 246 चे एकदम 236 झाले तर तुमच्या सर्व्हिस लाइनमध्येच लांब, बारीक किंवा सैल काहीतरी आहे. त्याची दुसरी खूण रात्री मिळते: गीझर आणि इस्त्री एकदम लावल्यावर व्होल्टेज तेवढ्याच प्रमाणात खाली पडतो. रात्री पडतो आणि दुपारी चढतो, हे दोन्ही एकाच जोडावर दिसलं तर तो जोड कंपनीला लेखी कळवा आणि वाट बघत बसू नका, पाठपुरावा करा. सैल न्यूट्रल आग लावतो.

टॅपबद्दल लोक फार पटकन मागणी करतात. वितरण ट्रान्सफॉर्मरवर टॅपचे टप्पे साधारण अडीच टक्क्यांचे असतात, म्हणजे एका टप्प्याने पावणेसहा व्होल्ट खाली. दुपारी तुमचं काम होईल, पण संध्याकाळी सगळे दिवे-पंखे लागल्यावर लाइनच्या शेवटच्या घराचा व्होल्टेज 207 च्या, म्हणजे 230 उणे 10 टक्क्यांच्या, खाली जाऊ शकतो. त्यामुळे कंपनी लगेच ‘हो’ म्हणाली नाही तर त्यामागे कारण असू शकतं. तीन फेजवर सोलर असमान वाटलं गेलं असेल तर मात्र तुमची जोडणी दुसऱ्या फेजवर घेणं हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे, आणि तो मागायला काहीच हरकत नाही.

मग इन्व्हर्टरमधली ‘स्मार्ट’ फंक्शन्स कशासाठी, असं तुम्ही पुढे विचारालच. इथे इंटरनेटवर परस्परविरोधी सल्ले सापडतात, आणि त्याचं कारण इतिहासात आहे. 1547 ची पहिली आवृत्ती 2003 ची. तिचा सूर असा होता की छोट्या उत्पादकांनी व्होल्टेज सांभाळण्याच्या भानगडीत पडू नये, काही बिघडलं की मुकाट बाजूला व्हावं. तेव्हा असे उत्पादक मोजकेच होते, त्यामुळे ते शहाणपणाचंच होतं. 2014 च्या दुरुस्तीने व्होल्टेजला हातभार लावण्याची मुभा दिली. 2018 च्या आवृत्तीने ती क्षमता सक्तीची केली. मी स्वतः सुरुवातीला ज्या गोष्टीसाठी जोडण्या नापास केल्या, तीच आज नसली तर नापास करतो. म्हणून जुना लेख वाचताना तो कोणत्या वर्षीचा आहे ते आधी बघा.

यात एक गोम आहे. क्षमता असणं वेगळं आणि ती चालू असणं वेगळं. त्याच 2018 च्या मानकात मूळ सेटिंग पॉवर फॅक्टर एक ठेवायचं आहे, म्हणजे सगळी पॉवर खरी, कामाची. व्होल्ट-व्हार हे व्होल्टेज सावरणारं फंक्शन पेटीत असतं, पण कंपनीने सांगितल्याशिवाय बंदच असतं. तुमच्या इन्व्हर्टरमध्येही ते बहुधा असंच पडून असेल. कंपनीला विचारा की या फीडरसाठी, म्हणजे तुम्हाला वीज आणणाऱ्या लाइनसाठी, व्होल्ट-व्हार आणि व्होल्ट-वॅटची सेटिंग काय आहेत, आणि उत्तर लेखी घ्या.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. व्होल्ट-व्हारमध्ये इन्व्हर्टर चढ्या व्होल्टेजला रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करता नुसती ये-जा करणारी) ओढतो आणि व्होल्टेज खाली खेचतो. 5 केव्हीएचा इन्व्हर्टर 44 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 2.2 केव्हीएआर ओढेल, साधारण 9 अँपिअर. लाइनची रिअॅक्टन्स (एसी करंटला होणारा रेझिस्टन्सव्यतिरिक्तचा अडथळा) 0.15 ओहम धरली तर फायदा व्होल्ट-सव्वा व्होल्टचा. तुमच्या बारीक केबलमध्ये रिअॅक्टन्स जवळजवळ नसतेच, तिथे फायदा शून्य. शिवाय तेवढी रिअॅक्टिव्ह पॉवर ओढताना त्याच पेटीतून खरी पॉवर साडेचार किलोवॅटच्या वर निघणार नाही. तरी गल्लीतल्या वीस इन्व्हर्टरांनी मिळून हे केलं तर ट्रान्सफॉर्मरपाशी फरक जाणवतो. व्होल्ट-वॅट, म्हणजे व्होल्टेज चढला की पॉवरच कमी करणं, हा शेवटचा उपाय: 1547 च्या मूळ सेटिंगमध्ये नेहमीच्या व्होल्टेजच्या 1.06 पटीपासून, म्हणजे 230 च्या हिशोबाने 244 पासून, पॉवर हळूहळू कमी होत जाते आणि 1.10 पटीला जेमतेम उरते. म्हणजे सध्याच्या केबलवर हे चालू केलं तर दुपारी ट्रिपिंग थांबेल, पण उत्पादन बरंच कापलं जाईल. आधी केबल, मग हे. हा क्रम बदलू नका.

आता 265 व्होल्टची गोष्ट. त्याला माझा विरोध का आहे, ते नीट सांगायला हवं, कारण ‘नियम आहे म्हणून’ हे उत्तर तुम्हाला पटणार नाही आणि पटूही नये.

पहिलं कारण शेजारी. तुमच्या टोकाला 265 असतील तर तुमच्याच घरातली, इन्व्हर्टरच्या बाजूच्या बोर्डावरची उपकरणं तो व्होल्टेज रोज तासन् तास सहन करतील. गल्लीत दोन-चार जणांनी हेच केलं तर ज्यांच्याकडे सोलर नाही त्यांचे टीव्ही आणि फ्रिजही तोच व्होल्टेज सोसतील, त्यांचा काही दोष नसताना.

दुसरं कारण लाइनमन. बाहेर लाइन तुटली किंवा बंद केली तर तुमच्या इन्व्हर्टरला ते दोन सेकंदांत ओळखून सुटायचं असतं. आयईसी 62116 ची ही चाचणी एकदा प्रत्यक्ष बघितली तर विसरणार नाही. कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर असे जुळवतात की इन्व्हर्टर जेवढं देतो तेवढंच लोड ओढतं आणि ग्रिडकडे जाणारा करंट जवळजवळ शून्यावर येतो. मग ग्रिडचा स्विच उघडतात. लोड इतकं तंतोतंत जुळलेलं असतं की व्होल्टेजची रेष स्क्रीनवर हलतसुद्धा नाही, आणि क्षणभर वाटतं की आता हा फसला. मग इन्व्हर्टर स्वतः जो बारीक धक्का फ्रिक्वेन्सीला देत असतो त्याने रेष सरकायला लागते, हद्द ओलांडते आणि तो बंद होतो. प्रत्यक्षात लोड इतकं कधी जुळत नाही. उत्पादन जास्त असलं तर ग्रिडपासून तुटलेल्या लाइनच्या तुकड्यात व्होल्टेज चढतो आणि ओव्हरव्होल्टेजची मर्यादाच सगळ्यात आधी काम करते. तीच मर्यादा तुम्ही लांब नेऊन ठेवली, तर खांबावर चढलेल्या माणसासाठी असलेल्या पहाऱ्यांपैकी एक पहारा ढिला केलात.

तिसरं कारण देशाच्या कोडचं. कोड बदलला की फक्त व्होल्टेज बदलत नाही. फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा, धक्का सोसून जोडलेलं राहण्याचे नियम, परत जोडलं जाण्याआधीची वाट, सगळं पाकीटच बदलतं. एका घराच्या फ्रिक्वेन्सी सेटिंगने काय बिघडणार, असं वाटतं. जर्मनीत काय झालं बघा. तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे फ्रिक्वेन्सी 50.2 हर्ट्झला पोचली की सोलर इन्व्हर्टरने ताबडतोब सुटायचं होतं. प्रत्येक इन्व्हर्टर तो नियम काटेकोर पाळत होता. पण छतांवरचं सोलर हजारो मेगावॅटांत गेल्यावर लक्षात आलं की एखाद्या उन्हाच्या दुपारी फ्रिक्वेन्सी 50.2 ला टेकली तर हे सगळं एकाच क्षणी नाहीसं होईल, आणि असा धक्का झेलायला युरोप खंडाच्या ग्रिडकडे राखीव शक्ती होती 3,000 मेगावॅट. शेवटी 2012 मध्ये कायद्याने 10 किलोवॅटवरच्या जुन्या इन्व्हर्टरांची सेटिंग बदलून घ्यावी लागली, लाखो ठिकाणी. नव्या नियमात 50.2 च्या वर गेल्यावर सुटायचं नाही, दर हर्ट्झला 40 टक्के या उताराने पॉवर कमी करत जायचं.

जर्मनीत हे वेळीच लक्षात आलं. ब्रिटनमध्ये 9 ऑगस्ट 2019 ला अशा गोष्टीचा प्रत्यक्ष अनुभव आला. वीज कोसळली, दोन मोठी केंद्रं पाठोपाठ अडखळली, आणि त्याच वेळी वितरण जाळ्यावरचे शेकडो मेगावॅट छोटे उत्पादक सुटले. लाइनमनच्या सुरक्षेसाठी बसवलेली त्यांची संरक्षणं खूप संवेदनशील होती. दूरच्या धक्क्याला त्यांनी ‘आपली लाइन तुटली’ असं समजलं. फ्रिक्वेन्सी 48.8 हर्ट्झपर्यंत घसरली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांचा पुरवठा गेला. सुटण्याची घाई आणि सुटण्याची टाळाटाळ यांच्यामधली जागा फार अरुंद असते, आणि ती कुठे आहे हे त्या त्या ग्रिडचा अभ्यास करणाऱ्यांनाच ठरवता येतं. तुमच्या इन्स्टॉलरच्या हातातल्या मोबाइल अॅपवरून ते ठरू शकत नाही.

याचा अर्थ मर्यादा कधीच बदलत नाहीत असा नाही. ऑस्ट्रेलियात दहा मिनिटांच्या सरासरीची मर्यादा 258 व्होल्ट आहे. 1547 च्या तिसऱ्या श्रेणीत व्होल्टेज 1.10 पटीच्या वर गेल्यावरही मूळ सेटिंगने 13 सेकंदांपर्यंत जोडलेलं राहायची मुभा आहे. कंपनीने तुमच्या जागेचा विचार करून वेगळा आकडा लेखी दिला तर तो जरूर टाका, आणि तारीख घालून, सहीसकट सेटिंगचा कागद मीटरच्या पेटीत ठेवा. पुढच्या वेळी फर्मवेअर अपडेट झाल्यावर सेटिंग मूळपदावर गेलीत का, हे त्याच कागदावरून कळतं. मी हे खूपदा पाहिलं आहे.

तुम्ही शेवटी बॅटरी जोडायचा विचार आहे असं ओझरतं लिहिलंय. तिच्यासाठी वेगळी परवानगी लागते हे धरून चाला. वीज गेल्यावर घर बॅटरीवर चालवायचं तर आधी ग्रिडपासून पूर्ण तोडणारा स्विच हवा, आणि त्या अवस्थेत न्यूट्रल-अर्थिंगचं काय होतं हे आकृतीत स्पष्ट दिसलं पाहिजे. त्याबद्दल वेगळा प्रश्न टाका, इथे दोन ओळींत उरकणं धोक्याचं आहे.

सध्या इन्स्टॉलरला थांबवा. उद्या ऊन चांगलं असेल तर इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन चार आकडे काढा: दुपारी इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या टर्मिनलवर आणि मीटरपाशी, एकाच मल्टिमीटरने, लागोपाठ, मग इन्व्हर्टर बंद करून मीटरपाशी, आणि रात्री मोठं लोड चालू असताना पुन्हा मीटरपाशी. सोबत केबलवर छापलेला मजकूर आणि सेटिंगच्या पानाचा फोटो इथे टाका. केबल 10 ची की 16 ची, आणि कंपनीला अर्जात नेमकं काय मागायचं, ते त्या आकड्यांवरून सांगतो.